आजी घरी होती

नंदनवन, नागपूर
८ जुलै २०२४

सौ. यमुताई यांना मनकर्णाचा सा. न. वि. वि.

तीन वर्षांनी माझं नाव पाहून पत्र फाडावंसं वाटेल. आधी वाचा, मग फाडा. फोन केला असता, पण फोनवर आपल्या दोघींचं दोन मिनिटांत भांडण होतं, आणि ही गोष्ट भांडणावारी घालवायची नाही.

तुमची नात वैभवी सध्या घरी नाही. बालगृहात आहे. ऋषिकेशने तिला पट्ट्याने मारलं. शाळेत तिला बाकाला टेकून बसता येईना, म्हणून बाईंनी विचारलं आणि हेल्पलाइनला फोन केला. हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. तुमची सुरुची गेली तेव्हापासून माझा मुलगा पितो. हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी सुटली की सरळ घरी येत नाही.

बाल कल्याण समिती म्हणते की पोर बापाच्या हाती देणार नाही. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी एकत्र बसून ठरवावं, तिला कोण सांभाळणार ते. बैठक २० तारखेला आहे आणि समितीपुढची तारीख ५ ऑगस्ट. काही ठरलं नाही तर ती बालगृहातच राहील.

तिथे प्रीती नावाची समुपदेशक आहे. तिने मोठ्या कागदावर सगळी नाती लिहायला लावली. मी भराभर बावीस नावं सांगितली, पार वर्ध्याच्या चुलत सासऱ्यापर्यंत. तिने कागदाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर बोट ठेवून विचारलं की आईकडचं कोणीच नाही का. तो भाग कोरा होता. मग मी तुमचं नाव सांगितलं.

सुरुचीच्या तेरवीला तुम्ही पोरीला मागितलं होतं. आमच्या घरची पोर आमच्याच घरी राहील, असं मी चार माणसांत म्हटलं होतं. विसरले नाही.

बैठकीला या. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. उत्तर तेवढं पाठवा.

मनकर्णा


कोराडी वसाहत
१२ जुलै २०२४

श्रीमती मनकर्णाबाई यांना नमस्कार.

पत्र फाडलं नाही. तीनदा वाचलं. यांना अजून सांगितलेलं नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, आल्यावर त्यांच्यात बोलायचंही त्राण नसतं.

सुरुची सांगायची की सासूबाई किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत बसतात आणि भाजी करपवतात. ती तुम्हाला वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायची, तेव्हा मी मनात हसत होते. तुम्ही इतकं नीट लिहाल असं वाटलं नव्हतं. भाजी तेवढी अजून करपत असेल.

आता रागाचं लिहिते. त्या दिवशी मी पदर पसरला होता. त्यानंतर तुम्ही एक फोन केला नाही, तिच्या वाढदिवसाला बोलावलं नाही. आणि आज असं पत्र येतं. तो तिला मारत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात, हे मला विचारायचं आहे. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा, पण खरं सांगा.

मला अडुसष्ट पूर्ण झाली. क्वार्टर गौरांगच्या नावावर आहे, खोल्या दोन. सूनबाई नोकरीला जातात. माझ्याच्याने आता लहान मुलाचं करणं होईल का, मला माहीत नाही. वीस तारीख डायलिसिसची आहे, मी येणार नाही. मामा म्हणून गौरांग येईल. त्याच्यासोबत वैभवीला एक फ्रॉक पाठवते आहे. त्यावरून काही ठरवून टाकू नका.

यमुना


नंदनवन
२१ जुलै २०२४

सौ. यमुताईंना नमस्कार. कृष्णकांतरावांना बरं वाटत असेल अशी आशा करते.

गौरांगने घरी काय सांगितलं कोण जाणे. पुरुषांचं सांगणं तीन वाक्यांत आटपतं, म्हणून सगळं लिहिते.

आमच्या यांचे मोठे भाऊ देवाजी गावाहून गाडी भरून चौदा माणसं घेऊन आले. त्यांना वाटलं सोयरिकीची बैठक असते तशीच ही. खुर्च्या होत्या आठ. चिवड्याची पिशवी आणली होती आणि प्रीतीला तिचं गाव, आडनाव, लग्न झालं का, सगळं विचारून घेतलं. ती बिचारी हसून सांगत गेली. मग म्हणाली की आता हा एक तास फक्त घरच्यांचा, मी बाहेर थांबते, तुम्ही ठरवा आणि मला सांगा. दार ओढून घेऊन ती गेली.

देवाजी म्हणाले की यात ठरवायचं काय, पोरीले घरी न्या, आपली पोर आश्रमात काहून राहीन. त्यांनी पिशवीतून यांचा फोटो काढून टेबलावर ठेवला आणि ऋषिकेशला त्यावर हात ठेवायला लावला. तो रडला. पुन्हा दारूला शिवणार नाही म्हणाला. खोटं रडला नाही तो, मी आई आहे, मला कळतं. गावाहून आलेली पार्वतीबाई हळूच म्हणाली की उद्या पुन्हा पिऊन आला तर. तर देवाजी म्हणाले की आजी आहे ना घरी. सगळ्यांनी माना हलवल्या. आजी आहे ना. सह्यांचा कागदही समोर आला.

मी म्हटलं, आजी तेव्हाही घरीच होती.

तुम्ही विचारलं होतं ना कुठे होते. मी स्वयंपाकघरात होते. पहिल्यांदा आडवी गेले, त्याने ढकललं, कोपर सुजलं. त्यानंतर आडवी गेले नाही. कुकर लावायचे आणि गॅस मोठा करायचे, शिट्टीत दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून. नंतर तिला हळद लावायचे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून शाळेत पाठवायचे. हे सगळं चौदा माणसांपुढे सांगितलं. देवाजी म्हणाले की भाऊ गेला, सून गेली, आता पोरालेही घालवतं का वं बाई. मी सह्यांचा कागद त्यांच्याकडे परत सरकवला. सही केली नाही.

प्रीती आत आली तेव्हा तिला सांगितलं की आमच्या घरी नको असं लिही. मग कुणाच्या घरी, असं तिने विचारलं. आमचे चौदाच्या चौदा जण खाली पाहू लागले. गौरांग म्हणाला की घरी विचारावं लागेल. तिथेच बैठक संपली.

शेवटी दहा मिनिटं वैभवीला आणलं होतं. तुमचा फ्रॉक तिने अंगाला लावून पाहिला. सहा वर्षांच्या मुलीचा आहे तो, ताई. ती आता नऊची आहे. मामाला म्हणाली की हा खूप आधीचा आहे, आणि घडी घालून परत दिला.

तुम्ही नाही म्हणालात तरी मी वाईट वाटून घेणार नाही. तो हक्क मी तीन वर्षांपूर्वीच घालवला. पण ५ तारखेच्या आत काय ते कळवा.

मनकर्णा


कोराडी
२० ऑगस्ट २०२४

मनकर्णाबाई, नमस्कार.

वैभवी इथे आली त्याला पंधरा दिवस झाले. परत आलेला फ्रॉक हातात घेतला आणि मला नाही म्हणवेना. तुम्हाला समितीकडून कळलंच असेल. सध्या सहा महिन्यांसाठी दिली आहे, पुढचं पुढे पाहतील. इथल्या शाळेत नाव घातलं. यांनी आपण होऊन तिचे पाढे घ्यायला सुरुवात केली. ती तेराच्या पाढ्यात चुकते आणि हे सतराच्या, त्यामुळे दोघांचं जमतं. माझे गुडघे कुरकुर करतात, पण उठते.

ती रडत नाही. ताटावरून उठतानासुद्धा विचारते, उठू का. मला त्याचाच थकवा येतो. दिवसातून दहादा सांगावं लागतं की ऊठ, बाळा.

बापाबद्दल ती काही बोलत नाही. परवा केस विंचरताना तिने तुमच्याबद्दल विचारलं. नंदनवनच्या आजीला ऐकू येत होतं ना, मग ती बाहेर का यायची नाही, असं. माझ्या ओठांवर बरंच आलं होतं. तीन वर्षं साठवलेलं आहे. पण मी म्हटलं की ते मला ठाऊक नाही, आजीलाच विचारू. तुम्ही चौदा माणसांपुढे बोललात म्हणून मी गप्प बसले, नाहीतर बसले नसते.

ऋषिकेशने तिला फक्त समितीच्या ऑफिसात, प्रीतीसमोर भेटायचं आहे. तुम्हाला इथे यायला समितीची मनाई नाही आणि माझीही नाही. रविवारी या. आधी जेवू, मग बोला तिच्याशी.

तुमची विहीण,
यमुना


नंदनवन
२३ ऑगस्ट २०२४

यमुताईंना मनकर्णाचा नमस्कार. माझ्या नातीला आशीर्वाद.

रविवारी साडेदहापर्यंत येते. ऋषिकेश मागच्या आठवड्यात हिंगण्याला खोली करून राहायला गेला. जाताना म्हणाला की तुले पोरगाही नको होता अन् नातही. दारूचं औषध घेतो आहे असं प्रीतीकडून कळलं. मला त्याने सांगितलं नाही. घरात आता एका माणसाचा स्वयंपाक असतो, तोही उरतो.

पोरीच्या प्रश्नाचं उत्तर मी पत्र आल्यापासून शोधते आहे. माराची भीती वाटायची असं सांगितलं तर ती मानेल, पण ते पुरतं खरं नाही. आडवं आलं तर मुलगा घर सोडून जाईल, ही भीती त्याहून मोठी होती. यांच्यामागे मला तो एकटाच होता. मी त्याला ठेवलं आणि पोरीला मार खाऊ दिला. नऊ वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं, ते मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नाही.

तरी सांगेन. तुम्ही तिच्याजवळ बसा. मी माझ्या सोयीने काही गाळलं, तर मला तिथल्या तिथे थांबवा.

मनकर्णा