इटलीतल्या म्हशी

शिळफाटा, खोपोली
पौष शुद्ध पंचमी

प्रिय गजा,

आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक आहे की नाही ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

आधी म्हशींचं बोलू. शेटची मोटार हाकायला म्हणून तू इटलीला गेलास, आणि तिथल्या कुठल्याशा पेस्तुम गावी समुद्राजवळच्या माळावर बिनछपराची जुनी देवळं आहेत, नुसते खांबच खांब, आणि शेजारी चिखलात म्हशी डुंबत असतात, असं तू लिहिलंस. ते मी दुकानात चारचौघांत वाचून दाखवलं आणि तिथंच फसले. नागूकाका हातातला कप खाली ठेवून म्हणाला, "आक्के, सायबाच्या मुलखात म्हशी नाय होत गं. त्यो भायखल्याला बसून आपल्याच म्हशी लिवतोय." मी त्याच्यावर डाफरले, पण पत्राची घडी घालताना मलाही वाटलं, म्हातारा वावगं काय बोलला?

मग मी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी, खाली समुद्र. प्रत्येक वळणावर भोंगा. उतारावर लिंबाच्या बागा. घराघरांच्या दारात तांबड्या मिरच्यांच्या माळा. मोटारवाले दृष्ट लागू नये म्हणून तांबडं शिंग टांगतात, आणि वळणावळणावर एखादी देवी दिवा लावून बसलेली. गजा, यातलं परदेशी काय आहे रे? घाट आपला, मिरच्या आपल्या, दृष्टसुद्धा आपलीच. समुद्र तेवढा अलिबागहून आणला की झाली तुझी इटली! पोस्टमास्तरांनी तिकिटावरचा परका राजा दाखवला, तर मी म्हटलं, तिकीट काय, चिकटवणाऱ्याचं असतं.

लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. तुझे दाजी गेल्यापासून या फाट्यावर एकटीनं चहाचं दुकान चालवते आहे, ते काय सगळ्यांवर विश्वास ठेवून? दूध घालणारी सोनुबाई दुधाची शपथ घेते आणि मी दुधात बोट बुडवते. घाट उतरून आलेला डायवर म्हणतो बिरेक झकास आहेत, आणि मला इथं बसल्या जागी करपल्याचा वास आलेला असतो. आणि तुला तर मी कडेवर वाढवला. आई गेली तेव्हा तुला धड चालता येत नव्हतं. पाताळगंगेत खेकडे धरून यायचास आणि मास्तरांनी आज कुठली कविता शिकवली, कोण चुकलं, कुणी मार खाल्ला, सगळं रंगवून सांगायचास. गुडघ्यांना चिखल तसाच. तू खोटं बोलायचास ते नेहमी असं भरभरून, बारीकसारीक सांगून. म्हणून तुझं वर्णन जितकं झकास, तितकी माझी भुवई वर चढते.

एकाच ठिकाणी मी डळमळले. राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर, ज्याच्या भट्टीत भाजलेले पाव अजून सापडतात म्हणालास, तिथल्या रस्त्याच्या दगडांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा आहेत, आणि त्या खाचेत तू पाऊल ठेवून पाहिलंस, असं तू लिहिलं होतंस. बाबांनी जन्मभर घाटात बैलगाड्या हाकल्या. कुठल्या दगडावर चाक कुठं घासतं ते त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं. ते वाचताना मला बाबाच दिसले आणि रडू आलं. थापाड्याला पाव सुचेल, खाचा नाही सुचणार, असं मनात आलं. पण ते तेवढ्यापुरतंच.

आता ठकीचं. तुझ्या पत्रावर तिच्याइतका विश्वास कुणी ठेवला नाही. तुझ्याशी साखरपुडा झालेली पोर, लाजून घरात बसावं, तर ही तुझं पत्र आलं कळलं की डोक्यावरची मोळी उतरवून दुकानाच्या मागच्या दाराशी येऊन बसायची. लिंबाच्या बागांवर थंडीत फांद्यांची छपरं घालतात हे ऐकून तिनं आपल्या परसातल्या रोपट्यावर पेंढा घातला. तिचा बाप बुधाजी तिला हसला. मीही हसले. तिनं तो पेंढा काही काढला नाही.

मग शेटच्या मोटारीचा चाकावरचा कमानीचा पाटा तुटला. समुद्रकाठच्या त्या गावात मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या घरी नवा पाटा येईपर्यंत मुक्काम पडला, असं तू लिहिलंस. तिथून पुढं माझा संशय पार बदलला. तोवर प्रत्येक पत्रात तुझं जेवणाचं रडगाणं असायचं. यांचा भात कच्चा, यांना तिखट कळत नाही, आक्का तुझ्या हातची सुक्या बोंबलाची चटणी कधी मिळेल. पाटा तुटल्यापासून त्या रडगाण्यातलं एक अक्षर नाही. इतके दिवस तुला कुणीतरी जेवू घातलं, गजा, आणि चांगलं घातलं. कुणी, ते तू लिहिलं नाहीस. देवळाचे खांब मोजून लिहिणारा माणूस ताट वाढणाऱ्या हाताबद्दल गप्प बसतो, हे मला समजू नये? ठकीला पत्र वाचून दाखवताना मी चटणीचं वाक्य पदरचं घालू लागले. तिला कळलं असावं.

तू निघायच्या आदल्या दिवशी मी तुझ्या हातावर दोन पैसे ठेवले होते. बाबांची रीत. एक जाण्याचा, तो घाटात शिंगरोबापुढं टाकायचा. दुसरा परतीचा, तो चिंधीत बांधून गाडीला अडकवायचा आणि माघारी आल्यावर त्याच शिंगरोबाला द्यायचा. कितीही संकट येवो, परतीचा पैसा दुसऱ्या देवापुढं ठेवायचा नाही. तो गाडीला आहे तोवर माणूस वाटेवर आहे, असं बाबा म्हणायचे. पुण्याच्या प्लेगात त्यांची गाडी अडकली होती तेव्हा आई याच एका गोष्टीवर तग धरून होती. माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून तो पैसा मोटार हाकायच्या चाकाला मीच बांधला. तू म्हणालास, आक्का, शेट हसेल. मी म्हटलं, हसू दे.

गेल्या आठवड्यात शेटची मोटार खंडाळ्याला जाताना पाण्यासाठी दुकानापुढं थांबली. मी कळशी घेऊन धावले. चाकावर वाल्मिक नावाचा कुणी नवा माणूस. मागं शेट एकटा. मी विचारलं काय, तर म्हशींचं! दुसरं काही विचारायचा धीरच झाला नाही. शेट हसला, "अरे बाय, म्हशी ढीग होत्या! गजानं तुला लिवलं नाय?" मग स्वतःच सांगू लागला, "पन तुजा भाव लई वेडा हाय. तिथल्या घाटात त्यांची देवी हाय, मांडीवर पोर घेतलेली. निघायच्या दिवशी यानं गाडी थांबवली, चाकाची चिंधी सोडली नि आपला तांब्याचा पैसा देवीपुढं ठेवला. मग मला म्हनतो, शेट, मी इथंच राहून मोटारीचं काम शिकतो." एवढं सांगून तो डोंगरावरून वीजघराला उतरणाऱ्या पाण्याच्या नळांकडे बघत बसला. त्याला ती गंमत वाटली होती. माझ्या हातातली कळशी मोटारीत कमी आणि माझ्या पायांवर जास्त सांडली.

गजा, तू थापाड्या निघाला असतास तर किती बरं झालं असतं! भायखळ्याला लपला असतास तर मी पहिली गाडी पकडून आले असते आणि कान धरून तुला घरी आणलं असतं. मी सारखी म्हणत होते ना, हे खोटं, ते खोटं? मला ते खोटंच हवं होतं. म्हशी खऱ्या, तर मधला तेवढा समुद्रही खरा.

बुधाजी परवा आला. म्हणाला, "आक्का, कळंबचं ठिकान चालून आलंय. तू शिंगरोबाफुडं हात ठिवून सांग, गजा येनार. मी पोरीला थांबवतो. तुज्या शब्दावर थांबवतो." मी त्याच्याबरोबर घाट चढून गेले. देवापुढं उभी राहिले. येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींतून लोक पैसे टाकत होते आणि माझा हात काही उचलेना. दुधाच्या शपथा रोज ऐकते मी. माझी एक शपथ खपून गेली असती. बुधाजीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग "चल" म्हणाला, आणि आम्ही खाली उतरलो.

ठकीचं लग्न माघात कळंबला होईल. काल ती तुझी पत्रं ठेवायची माझी पितळी डबी घासून द्यायला आली होती. जाताना दारात थांबून म्हणाली, "आक्का, म्हशी खऱ्या व्हत्या ना गं?" मी म्हटलं, होत्या. "मंग झालं," म्हणाली आणि गेली. तेव्हा आता तुला कुणाला भिऊन काही लपवायला नको, एवढं सांगायला हे पत्र. मी चिडले आहे, आणि बराच काळ चिडलेली राहीन. पण पुढच्या पत्रात देवळं नकोत, समुद्र नको. तुला जेवू कोण घालतं, तिचं नाव लिही. आणि ती भाताला पाणी किती ठेवते तेही लिही, म्हणजे कच्चा का राहतो ते मी इथून सांगेन.

तुझीच,
आक्का