रेल्वेवाल्याची नात उडवून नेली त्याची हकीकत

सौंसर,
दि. २ जून १९८६

आदरणीय इवाईबुवा सुखदेवराव यांस,

सौंसरहून मोतीरामचा मान लववून जयभीम. आमच्याकडे सर्व ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? इहीनबाई यमुनाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन थंडीवर गेलं असं कळलं, ते बरंच झालं. या उन्हात पट्टीखाली घामानंच माणूस आंधळा व्हायचा. आमच्या सौ. वत्सलानं आंब्याचं लोणचं गुलाब कंडक्टरच्या हाती पाठवलं आहे. बरणी परत नाही आली तरी चालेल, पण ती वाटेत उघडली गेली होती की कसं, तेवढं कळवावं.

त्याच गुलाबनं पांढुर्ण्याहून येताना तुमचा निरोप आणला. (म्हणजे तुम्ही निरोप दिला नव्हता. तुम्ही बसस्टँडवर चारचौघांत बोलत होता आणि ह्यानं तिकिटं फाडता फाडता ऐकलं.) तुम्ही म्हणालात म्हणे, "तीस वर्षं रेल्वेत गार्ड राहिलो, आन् माह्या नातीले इवायानं उडवून नेलं." वाक्य इतकं नेमकं आहे की मी गुलाबकडून दोनदा म्हणवून घेतलं. गुन्हा कबूल आहे. ठरलं असं होतं की बाळंतपण आटोपून लेकरानं बाळसं धरलं की मालतीनं छायाला घेऊन तुमच्याकडे पांढुर्ण्याला यावं आणि दिवाळीपर्यंत राहावं, कारण तुमच्या सुधाकरची मुंबईची खोली म्हणजे आपल्याकडच्या बैलगाडीएवढी. आणि मी तुम्हाला न विचारता माझ्या लेकीला, म्हणजे तुमच्या सुनेला, दहा महिन्यांच्या पोरीसकट विमानात घालून परस्पर मुंबईला पोचवून आलो. असं का केलं, ते सांगतो.

मी सायकलवाला माणूस. दुकानात पाठमोरा बसून असलो तरी रस्त्यानं कोणाची सायकल चालली आणि तिच्या कोणत्या चाकाला तेल नाही, हे मला कळतं. तुम्ही छायासाठी इटारसीहून आणलेली ती निळ्या रेक्झिनची बाबागाडी आली त्या दिवसापासून तिचं मागचं डावं चाक कुरकुर करत होतं. मी तेल मुद्दाम घातलं नाही, कारण त्या आवाजावरून लेकरू अंगणात कुठं आहे ते दुकानात बसून समजे. तर रोज संध्याकाळी ती कुरकुर विहिरीपासून निघे, फाटकापर्यंत येई, थांबे आणि परत जाई. एक दिवस फाटकाशी थांबली तेव्हा मालतीचा आवाज ऐकू आला. लेकराला सांगून राहिली होती, "हे कोन्ती गाडी माहीत हाये का? हे बाबागाडी. हे बाबाकडं जाते." मग गाडी परत विहिरीकडे गेली. इवाईबुवा, माझ्या हातात त्या वेळी कोणाची तरी चेन होती. ती मी उलटी बसवली, आणि तीस वर्षांत माझ्याकडून अशी चूक झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी आगगाडीची चौकशी केली. (तुमचा मान राखून आधी आगगाडीचीच केली.) मे महिना, जूनच्या पंधरापर्यंत बर्थ नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मिळवून दिला असता, पण तुम्हाला सांगितलं असतं तर मालती पांढुर्ण्याला गेली असती. म्हणून पोस्टात जाऊन नागपूरला विमानवाल्यांच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून एक हिंदी बोलणारी बाई. आपला जन्म मध्यप्रदेशात गेला, अर्ज हिंदीत, पावत्या हिंदीत, तेव्हा मी काही डगमगलो नाही. तिकिटांचं झाल्यावर विचारलं की साथ में बाबागाड़ी चलेगी क्या. ती म्हणाली, बाबा चल नहीं सकते क्या? मला वाटलं, वा, मोठ्या शहरांत लेकराला बाबा म्हणतात ते हेच, आणि तेही मानानं. मीही मान सोडला नाही. म्हटलं, नहीं जी, पकड़ के थोड़ा खड़े रहते हैं, फिर बैठ जाते हैं. तिनं खाण्याचं विचारलं. म्हटलं, दाँत नहीं हैं, पतली खिचड़ी चलती है. आणि मागाहून भानगड नको म्हणून हेही सांगून टाकलं की कभी-कभी बिना कारण रोते हैं, पण कडेवर घेतलं की गप राहतात. बाईनं ते लिहून घेतलं. मग अगदी मायेनं म्हणाली, आप चिंता मत कीजिए, बाबा को हम सँभाल लेंगे. मी घरी येऊन वत्सलाला सांगितलं, सरकारी नोकरीत अशी बाई पाहिली नाही.

विमानतळावर टॅक्सीतून उतरतो न उतरतो तोच दोन गडी चाकांची खुर्ची घेऊन समोर. "बाबा कौन हैं?" मी छायाकडे बोट दाखवलं. बोटाच्या दिशेनं त्यांनी पाहिलंच नाही, बोट ज्याचं होतं त्याचं पांढरं डोकं पाहिलं. "बैठिए बाबा." मी म्हटलं, मी नव्हे, बाबा ही. एक गडी दुसऱ्याला हळूच म्हणाला, "वही केस है, मैडम ने बोला था, रो पड़ते हैं." आणि मला काखेत धरून बसवलं. मालतीला इतकं हसू आलं की तिला बोलताच येईना, आणि त्या गड्यांना वाटलं की मुलगी बापाच्या दशेनं हुंदके देऊन राहिली. मी उठणारच होतो. पण उठता उठता पाहिलं, पुढं रांग नगरपालिकेच्या नळासारखी, आणि आमच्यासाठी दोरी बाजूला करून राहिले. तेव्हा बसलो. थोडा खोकलो देखील. छाया तुमच्या बाबागाडीत रडायला लागली होती, तिला मांडीवर घेतली. वरात अशी निघाली: पुढं खुर्चीत मी आणि नात, मागून बाबागाडी, तिच्यात वत्सलानं दिलेला लाडवांचा डबा आणि मालतीची सुटकेस, झोपल्यासारखी.

तपासणीच्या जागी गाडीखालच्या जाळीत सायकलचा पंप निघाला. (आता विचार करतो तर त्या गाडीची चाकं भरीव रबराची आहेत. पण मी पंपाशिवाय गावाबाहेर पाऊल ठेवलेलं नाही.) शिपायानं विचारलं, ये किसलिए? म्हटलं, हवा भरने. तो म्हणाला, किसमें? मी बाहेर उभ्या असलेल्या विमानाकडे पाहिलं. पंप आणि बाबागाडी दोन्ही चिठ्ठी बांधून सामानात गेले. वर गेल्यावर गोळ्या आणि कापूस वाटतात. मी कापूस घेतला नाही, कान झाकायची मला सवय नाही. छाया चढताना रडली, मालतीनं पदराखाली घेतली, दोघी झोपल्या. मी खाली पाहत बसलो. इतक्या उंचावरूनही रुळांची जोडी ओळखू येते, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो.

मुंबईला पुन्हा खुर्ची तयार. दाराबाहेर सुधाकर उभा होता. सासरा चाकांच्या खुर्चीत येताना पाहून पोरगा पांढराफटक पडला, धावत आला, माझे हातपाय चाचपले, "काय झालं, केव्हा झालं, मले तार का नाही केली?" मी मांडीवरच्या छायासकट ताडकन उभा राहिलो. ढकलणाऱ्या गड्यानं आधी माझ्याकडे, मग छायाकडे पाहिलं आणि तिला हात जोडले. मग सुधाकरनं तिला घेतलं. परका माणूस पाहिला की जी पोरगी आळी गोळा करते, तिनं त्याच्या खिशातला पेन काढला, तोंडात घातला आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. सुधाकर तिथंच उभा राहिला, हमाल बाजूला व्हा म्हणत होते तरी. मी चार दिवस राहून परत आलो. खोली लहानच आहे, तुम्ही म्हणता ते खरं. बाबागाडी दारात आडवी ठेवली की आत जाता येत नाही, आणि उभी ठेवली की बाहेर.

इहीनबाईंना जयभीम. गुडघ्याला तीळतेल चोळा. कळावे, लोभ आहेच, रागही असल्यास तोही पोचला.

तुमचा,
मोतीराम

ता. क. वत्सला म्हणते, एवढं लांबण लावलं आणि मुद्द्याचं लिहिलंच नाही. ती आत गेली आहे तेवढ्यात लिहितो.

ता. क. २. मालती तुम्हाला विचारल्याशिवाय निघायला तयार नव्हती. "मामाजी हो म्हनले तरच जाईन," एवढं एकच तिचं. तेव्हा मी तिला सांगितलं की तुमची परवानगी आली, गुलाबच्या हाती, तोंडी, आणि पत्र मागून येऊन राहिलं आहे. ती आनंदानं गेली. पण तिथं रोज पोस्टमनला विचारते, आणि तो नाही म्हणाला की त्या दिवशी जेवत नाही, असं सुधाकर लिहितो. तरी एक कार्ड तिच्या नावे टाकावं, की जा सूनबाई, नांदा. तारीख मात्र आम्ही निघण्याआधीची, वीस मेची घालावी. तीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही वहीत एक मिनिट इकडचं तिकडं लिहिलेलं नाही, हे ठाऊक असून मागतो आहे. मला काय बोलायचं ते सौंसरला येऊन, समोर बसून बोला. तिला फक्त ते कार्ड पाठवा.