नंबराची पेटी

पनवेल, ऑगस्ट १९९६

डॉक्टर कारखानीस मॅडम यांना सलाम,

मी शकील मुकादम, बांगडीवाला. तुमच्या टेबलावर मूठ आपटणारा बाप विसरला नसाल.

तीन वर्षांपूर्वी माझ्या शहाबानोला आठव्या महिन्यात रक्तदाब चढून झटके आले, म्हणून तिला मुंबईला तुमच्याकडे आणलं. तुम्ही म्हणालात, "औषधं दोन आहेत. सरस कोणतं, तेच शोधतोय. सही दिलीत तर नंबराची एक बंद पेटी उघडू, दोन्हींपैकी आत निघेल ते देऊ."

मी ओरडलो, "पोरगी मरतेय आणि तुम्हाला माहीत नाही?"

"नाही माहीत. उगाच माहीत आहे म्हणणार नाही."

त्या एका बोलण्यावर मी सही केली. शहाबानो गेली. तेही तुम्ही स्वतः बाहेर येऊन सांगितलंत, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाहीत.

गेल्या महिन्यात धाकट्या यूम्नाला तसेच झटके आले. इथल्याच दवाखान्यात नर्सबाईंनी सरळ इंजेक्शन भरलं. मी विचारलं, "पेटी नाही उघडायची?"

"कसली पेटी, चाचा? आता कळलंय, हेच द्यायचं."

आज यूम्ना बाळाला पाजतेय आणि चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडतेय.

मॅडम, हे कळायला कितीतरी बायकांच्या पेट्या उघडाव्या लागल्या असतील. शोध तुमचा, पण थोडा माझ्या शहाबानोचाही. तुमच्यासाठी रोज दुवा मागतो.

पत्र मात्र टाकणार नाही. टाकलं तर तिच्या पेटीत काय निघालं, ते विचारल्याशिवाय राहवणार नाही. आणि तुम्ही खरं सांगाल.

तुमचा ऋणी,
शकील