कोंबडीचे वीस सेकंद

स्केनेक्टडी, ४ मार्च १९७९

तीर्थस्वरूप विनी आत्या,

क्लिफर्डचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? ऑर्व्हिल काकांचा खोकला? आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे. लोइस गुरुवारपासून माझ्याशी बोलत नाही.

कारण ते १९३० सालचं कार्टून. त्याचं रीळ मला एका बंद थिएटरच्या माळ्यावर सापडलं आणि दोन वर्षं मी ते आमच्या (लोइसच्या मते तिच्या) न्हाणीघरात धुऊन, पुसून, चिकटवून उभं केलं. पण चित्रं मुकी! त्या काळी आवाज वेगळ्या तबकडीवर असायचा, आणि ती निघाली युटिकाच्या मिसेस प्रुइट नावाच्या विधवा बाईंकडे. त्यांचा नवरा अर्ल त्याच थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा. बाईंनी ती पोपटाच्या पिंजऱ्याखाली घातली होती (सोळा इंची, अगदी मापाची). दोन खेपांत मी त्यांची पन्हाळी साफ केली, कोबीचं सूप प्यायलो. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "मी लेकीकडे फ्लोरिडाला चालले. तबकडी हवी तर पोपटही न्या. दोघं इतकी वर्षं एकत्र आहेत." नेला. करणार काय? आता तो दिवसभर लोइसला "अर्ल, पाय पूस" म्हणतो.

एवढं करून तबकडी धुतली, तर काठाचा नखाएवढा तुकडा गायब. पोपटाची चोच! ही तबकडी आतून बाहेर वाजते, म्हणजे काठ गेला की शेवट गेला. आधीचं सगळं झकास: बेडूक ढोल बडवतो, गाय नाचते, ठोका पावलावर नेमका पडतो. मी रडलो, खोटं कशाला सांगू. शेवटी कोंबडी अंगाई म्हणायला चोच उघडते आणि नुसती खरखर. वीस सेकंद. लोइस म्हणाली, "कोंबडी गप्प बसली तर कुणाचं काय बिघडलं?" त्यावर मी जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तो गुरुवार.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
क्लिफर्ड

ता. क. तबकडीच्या लेबलवर पेन्सिलीनं लिहिलंय: 'कोंबडी – मिस विनिफ्रेड हास.' आत्या, हे तर तुझं माहेरचं नाव! त्या वर्षी न्यूयॉर्कात तू टायपिस्ट होतीस ना? मी कुणाला सांगणार नाही. शनिवारी टेपरेकॉर्डर घेऊन येतो, वीस सेकंद म्हण. चाल विसरली असशील तर तसं सांग, माझी काही तक्रार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी फोन केला, तू बाजारात होतीस. काकांना संशय नको म्हणून आडून विचारलं, आत्या हल्ली काही गुणगुणते का. ते म्हणाले, "ते कोंबडीचं होय? लग्न झाल्यापासून रोज भांडी घासताना म्हणते. सकाळीच ये, तेव्हा भांडी जास्त असतात."