वाचून दाखवलेलं वॉरंट

सोमवार, बारा तारीख
दुपारी, दुकानातून

प्रिय किल्लीवाले,

तू, वहिनी आणि लेकीकडची सगळी मंडळी खुशाल असाल. आम्हीही ठीक. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराला कामाचं निमित्त सांगावं, तर तू हसशील. माझ्या दुकानात किती गर्दी उसळते ते तू सव्वीस वर्षं शेजारच्या टपरीतून बघितलंयस.

हिचा गुडघा तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, जिने चढू नका. आणि घर तिसऱ्या मजल्यावर. मुलगा सरकारी कचेरीत लागला. खिडकीजवळचं टेबल मिळालं म्हणून स्वारी खूष आहे. दुकानात डोळ्यांचा नंबर तपासायचं नवीन यंत्र घेतलंय. त्यावर हनुवटी टेकवली की बडबडी माणसंही गप्प होतात, एवढ्यासाठी तरी ते घेण्यासारखं होतं. तुझ्या जागेवर आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. माणूस वाईट नाही, पण दिवसभर तीच तीन गाणी लावतो. तुझ्या कानशीच्या खरखरीला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याचं आता वाईट वाटतं.

तू लिहिलंयस, ‘त्या दिवशी तू होतास म्हणून आपलं माणूस जवळ होतं. निदान कागद तरी वाचून दाखवलास.’ तुझी पत्रं मी नेहमी हिला वाचून दाखवतो. हे नाही दाखवलं. खणात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. आज ठरवून बसलोय. गिऱ्हाईक आलं तरी उठणार नाही.

तुला त्या दिवसाचं किती आठवतं, मला माहीत नाही. सकाळचे अकरा वाजले होते. तिघं पोलीस आले, पुढचे साहेब नवे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी तुझं नाव विचारलं, तू सांगितलंस. ‘वॉरंट आहे, चला.’ तू म्हणालास, ‘कसलं वॉरंट? दाखवा तरी.’ त्यांनी कागद पुढे केला. तू तो हात लांब करून धरलास, जवळ आणलास, आणि मग माझ्या काउंटरवर ठेवून म्हणालास, ‘ह्याला वाचू दे. माझा चष्मा ह्याच्याकडेच दुरुस्तीला आहे.’

मी वाचला. नाव तुझंच होतं. धंदा, कुलपं-किल्ल्या. घरफोडीचा गुन्हा. तेवढंच मोठ्याने वाचून दाखवलं. वडिलांचं नाव मात्र वेगळं होतं, पत्ता गिरणीच्या मागचा होता, आणि वय होतं चौतीस.

चौतीस. तू एकसष्ट वर्षांचा. माझ्या समोर उभा, डोक्यावर एक काळा केस नाही. बारीक अक्षर वाचायचा तर माझा धंदाच. दिसलं नाही असं मी कुणाला सांगू?

साहेबांनी विचारलं, ‘वाचलंत ना? हाच ना?’

मी म्हणालो, ‘नाव ह्याचंच आहे.’

खोटं बोललो नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. मग त्यांनी दुसरा कागद काढला, त्यावर लिहिलेलं: वॉरंट वाचून दाखवलं, समजावून सांगितलं, कोणी हरकत घेतली नाही. खाली साक्षीदाराची सही. मी केली. पेनही माझंच होतं.

मला कुणी धमकावलं नाही, हे तुला कळायला हवं. धमकावलं असतं तर आज लिहायला सोपं गेलं असतं. मुलाच्या नोकरीचा चारित्र्य पडताळणीचा कागद त्याच ठाण्यात महिनाभर पडून होता. साहेबांना त्याची कल्पनाही नसेल. मला होती. मनात म्हटलं, चूक आहे, ठाण्यात गेल्यावर त्यांची त्यांना कळेल, संध्याकाळी हा परत येईल, आपण मधे कशाला तोंड घाला.

संध्याकाळी तू आला नाहीस. दुसऱ्या दिवशी कोर्टात तू ‘तो मी नव्हे’ म्हणालास. पण तसं तिथे सगळेच म्हणतात. वर माझी सही होती, हरकत नाही म्हणून. लेकीने वकीलबाई गाठल्या, त्यांनी वय दाखवून दिलं, पुढची तारीख पडली, आणि तू सुटून येईपर्यंत अकरा दिवस गेले. तोवर बाजाराने निकाल लावून टाकला होता. कुलूपवाला सुटला म्हणे, पण घराची किल्ली त्याच्या हातात कोण देणार? गेली वीस वर्षं तुझ्याकडून किल्ल्या करून घेणारा कापडवालाही हेच म्हणाला. मी तिथेच उभा होतो. तेव्हाही गप्पच बसलो.

आता त्या मुलीचं सांगतो. पोलीस आल्यापासून तू गाडीत बसेपर्यंत समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातली मुलगी रस्त्यापलीकडून फोनवर चित्रण करत होती. हवालदार तिच्यावर खेकसला, ‘ए, फोन आत ठेव.’ ती म्हणाली, ‘मी तुमच्या आड येत नाहीये. इथून दिसतंय तेवढंच काढतेय.’ त्याने नाव विचारलं. तिने नाव सांगितलं आणि काढत राहिली.  बावीस-तेवीस वर्षांची असेल.

मागच्या महिन्यात तिने ते मला दाखवलं. रहदारीत आवाज काही कळत नाही. मी कागद धरून उभा आहे एवढंच दिसतं. ती सहज म्हणाली, ‘काका, तुम्ही किती वेळ वाचत होतात!’ कोपऱ्यात सेकंद पळत होते. चाळीस सेकंद, मित्रा. पाच ओळींचा कागद.

तिच्या मनात काही नव्हतं. मला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तुझ्या चुकीच्या अटकेच्या चौकशीचा अर्ज केलाय, ते तुला ठाऊक आहेच. ठाण्याचं उत्तर एकच: वाचून दाखवलं, कुणी हरकत घेतली नाही, साक्षीदाराची सही आहे. म्हणजे त्यांची सगळी इमारत माझ्या सहीवर उभी. मी वयाचं सांगितलं. बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, ‘काका, सहीची सक्ती नव्हती तुमच्यावर. नाही म्हणता आलं असतं. नाहीतर हरकत आहे असं लिहून सही करता आली असती. त्यासाठी कुणी तुम्हाला आत टाकलं नसतं.’

‘तेव्हा माहीत नव्हतं,’ मी म्हणालो. हेही पुरतं खरं नाही. माहीत करून घ्यायचं नव्हतं.

बाईंना जबानी लिहून दिली. एक गोष्ट मात्र त्यात नाही. ती कोर्टाच्या कामाची नाही असं मी ठरवलं. खरं तर ती त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. ती तुलाच सांगायची आहे.

कागद माझ्या हातात असताना तू विचारलं होतंस, ‘माझा चष्मा झाला का रे? दे ना, मीच बघतो.’

मी म्हणालो, ‘उद्या होईल.’

चष्मा आदल्या दिवशीच झाला होता. पुसून, डबीत घालून, माझ्या पोटाला लागणाऱ्या खणात ठेवलेला होता. खण ओढायचा तेवढा अवकाश. तू वाचलं असतंस तर ‘चौतीस’ म्हणून ओरडला असतास, माणसं जमली असती, साहेबांना कागद पुन्हा बघावा लागला असता. आणि मग मला एक बाजू घ्यावी लागली असती. ते मला नको होतं, म्हणून मी तुझे डोळे खणात ठेवले. तीन दिवसांनी वहिनी चष्मा न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘भाऊजी, लवकर झाला हो.’ मी दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी मला दुवा दिला.

मुलाला कळलंय. ‘बाबा, आता कशाला?’ एवढंच म्हणाला, आणि गेले चार दिवस ताटावर बसला की खाली बघून जेवतो. त्याची नोकरी अजून कच्ची आहे. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. हिने मात्र विचारलं, ‘चौकशीला कुठला शर्ट घालणार?’ आणि इस्त्री करून ठेवला.

चौकशी उद्या आठवड्याने, मंगळवारी अकराला आहे. आधी ठरवलं होतं तेवढंच बोलणार नाही. चष्म्याचंही सांगणार आहे. त्यांना उपयोग असो वा नसो.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि मी निर्धास्त झोपेन. ते बरं नाही. हे वाचून वाटलं तर ये. आलास आणि माझ्या शेजारी बसावंसं वाटलं नाही, तर मागे रिकामी बाकं पुष्कळ असतात. नाही आलास तरी मी बोलायचं ते बोलेनच.

वहिनींना हे पत्र तूच वाचून दाखव. काही गाळू नकोस.

आजपर्यंत ज्याला तू मित्र म्हणत आलास तो,
चष्मेवाला