आईच्या ओळखीची माणसं

नाहूर,
सोमवार, २० जानेवारी २०२५

प्रिय सुयोग,

आशीर्वाद. व्हिएतनामहून तुम्ही दोघं सुखरूप परतलात हे कळलं. फोटो छान आलेत. बोरिवलीच्या घराची किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. आई मजेत आहे. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून कागदावर लिहिते.

तुम्ही गेलात आणि मी आईला गाडीत घालून देवगडला रतनमावशीकडे निघाले. तू बजावलं होतंस, "ताई, तिला कुठे नेऊ नकोस. ती कोणालाच ओळखत नाही." दोन वर्षं सगळ्या नातेवाइकांना तू हेच सांगतोयस. म्हणून कोणी फिरकत नव्हतं. मी तुमच्याकडे आले तरी ती नुसती बघत राहायची, आणि मी डोळे पुसत परत जायचे.

तिचे कपडे भरताना साड्यांच्या तळाशी तुझ्या निळ्या रुमालात गुंडाळलेलं कानाचं मशीन सापडलं. आत सेल नव्हता. इथल्या मेडिकलमधून घेऊन घातला. ऐरोलीच्या पुलावर ती म्हणाली, "अक्षू, ही टिकटिक कसली गो?"

माझा इंडिकेटर चालू राहिला होता.

तू मुद्दाम केलंस का, हे मी पेणपर्यंत स्वतःला विचारत होते. सेल संपला असेल, राहून गेलं असेल. पण तुझ्या टीव्हीच्या रिमोटचे सेल कधी संपलेले मला आठवत नाहीत. आणि रुमालाला दुहेरी गाठ होती. आईला ऐकू आलं की ती बोलते, ती बोलली की माणसं येतात, आणि तुम्हाला घरात माणसं नको होती. एवढंच ना?

मग मी ठरवलं. कोणाला आधी काही कळवायचं नाही. दारात आईला पुढे करायचं आणि गप्प उभं राहायचं.

पेणला शिवदासदादाने दार उघडलं. वहिनी त्याच्यामागून कुजबुजली, "ओळखत नाही ना गं कोणाला?" आई म्हणाली, "शिवदासा, टक्कल पडलां रे तुका, बापाशीसारख्या!" दादा उंबऱ्यातच खाली बसला.

दाभोळच्या फेरीबोटीवर ती गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहिली. खाडीचं पाणी चकाकत होतं. "वारो कानात शिट्टी मारता," म्हणून मशीन काढलं, आणि जेट्टी येताच स्वतःच घातलं. तेव्हा मनात आलं, मी हिला फिरवतेय की पुरावा म्हणून दारोदार नेतेय? दोन्ही, सुयोग. गाडी मागे मात्र वळवली नाही.

गुहागरला अबोलीला ती म्हणाली, "चेडवाचां लगीन केलंस, माका बोलावणां नाय?" अबोली तिच्या गळ्यात पडून रडली. "मावशी, लेकीच्या लग्नाला तुला बोलवायला सुयोगदादानेच नको सांगितलं गं." मी तुझी बाजू घेऊ शकले असते. सोलकढी पीत राहिले.

हे लिहिताना मला वाईट वाटायला हवं. मनात शोधून बघितलं, वाटत नाही.

देवगडला संध्याकाळी रतनमावशीच्या पडवीत दहा-बारा माणसं जमली. आईने एकेकाला टोपणनावाने हाका मारल्या. शेवटी मावशीने फोनवर तुझा फोटो धरला. आईने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"हो कोण गो?"

मावशीने फोन मांडीवर पालथा घातला.

सकाळी मासे साफ करताना मी हळूच विचारलं, "आई, खरंच आठवला नाही सुयोग?"

तिने सुरमईचा तुकडा पाण्यात बुडवला. "तेनी सगळ्यांका सांगल्यान मा, मी कोणाक वळखणय नाय म्हणान? मगे तेचो शब्द खोटो कित्याक पाडू?"

मी एकटीच परत आले. आई आता मावशीकडेच राहणार आहे, तिच्याच मर्जीने. ये हवं तर. मशीन तिच्या कानात असतं, तुझी गाडी आली की तिला ऐकू येईल. पुढे ती तुला काय विचारेल, ते तुला माहीत आहे. उत्तर पडवीतल्या सगळ्यांसमोर द्यावं लागेल.

तुझा रुमाल धुऊन पाकिटात घातला आहे. दुहेरी गाठ होती तशीच पुन्हा मारली आहे.

तुला पुरती ओळखून असलेली,
ताई