कबरेवर घेतलेलं नाव

बाबा,

नगरहून पेटी आली. कंदिलाच्या दोन काचा, त्यातली एक तडकलेली. गायनाची सहा पुस्तकं. शाळेसाठी खडूचा डबा. आणि तुमच्या जावयांनी मागवलेली जाड सुती चादर. गाडीभाडं निजामी नाण्यात एक रुपया हाली, हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकात चार आणे. चादर ज्यांनी मागवली ते दीड महिन्यापूर्वी तापात गेले. ती मी वापरायला काढली आहे. नवी वस्तू पेटीत कुजवायला तुम्ही मला शिकवलं नाहीत.

पेटीच्या तळाशी मिशनच्या कमिटीचं पत्र होतं. उपदेशक पाठवायला सध्या माणूस नाही; तोवर उपासना आणि शाळा बंद ठेवावी, किल्ल्या गाडीवानाबरोबर धाडाव्यात आणि बाईंनी नगरला माघारी यावं. गाडीवान उद्या सकाळी परत निघतो. किल्ल्या अजून माझ्या कमरेला आहेत.

आपलं ते स्वयंपाकघर तुम्हाला आठवत असेल. मी बारा वर्षांची. तुम्ही उपदेशाला गावोगावच्या फेरीवर, आणि दारात दोन बायका आल्या, एकीचं मूल तापाने फणफणलेलं. मी त्यांना चुलीपुढे बसवते आणि डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करते. डोळे उघडते तर तुम्ही उंबऱ्यात उभे. त्या गेल्यावर म्हणालात, "प्रार्थना करायला तुला कुणी नेमलंय? भाकरी करपली ती बघ." भाकरी खरंच करपली होती, म्हणून मी गप्प बसले. ती पुढे तीस वर्षं गप्पच. तुम्ही पोटाला चिमटा घेऊन मला मॅट्रिक केलंत, पण त्या शिक्षणाचा उपयोग ह्यांच्या उपदेशाची टिपणं सुवाच्य उतरवून देण्यापुरताच झाला.

हे गेले तेव्हा उन्हाळा होता. नगरला निरोप जाऊन पाळकसाहेब येईपर्यंत आठवडा गेला असता. वेशीबाहेर खड्डा खणून तयार, आणि पुरुष एकमेकांकडे बघतायत, कारण मंडळीत अक्षर ओळखणारं माणूस आता मी एकटीच. मंडळीतले वडीलधारे कारभारी म्हणाले, "बाई, तुमीच वाचा." मी म्हटलं, "बायका कबरेपाशी येतसुद्धा नाहीत, आणि मी वाचू?" तर म्हणाले, "मंग काय तसंच मातीत लोटावं? आमचा मास्तर हाय तो. त्याला मुक्यानं न्हाई धाडायचं."

मी उपासनेचं पुस्तक उघडलं. वाचत वाचत त्या जागी आले, जिथे गेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. अठरा वर्षांच्या संसारात ते नाव मी एकदाही उच्चारलं नव्हतं. आपण ख्रिस्ती झालो, पुष्कळ काही सुटलं, पण नवऱ्याचं नाव न घेणं काही सुटलं नाही. मी थांबले. सगळे वाट बघतायत. माझ्या सोबतीला म्हणून आलेली म्हातारी सुईण मागून बोलली, "घे की बाई नाव. कोण यायलंय ते देवाला कळाया नगं? अन् तो आता काय रागवतोय व्हय?" कुणीतरी हसलं, तिथेच, कबरेच्या काठावर. मग मी नाव घेतलं. पूर्ण, सासऱ्यांच्या नावासकट, पलीकडच्या शेतात ऐकू जाईल असं.

पुढच्या रविवारी मंडळी आपणहून येऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. देवाची हाक म्हणतात ती हीच असेल, तर ती फार साध्या शब्दांत येते. कारभारी म्हणाले, "बाई, चालू करा की. ढोरं सोडायचीत."

मी लायक नाही, हे मला कमिटीपेक्षा जास्त माहीत आहे. माझा आवाज बारीक. उपदेश करताना मधेच मला डब्यातलं पीठ आठवतं. पण लायक होईपर्यंत थांबायचं, तर तुम्ही तरी कुठे घराबाहेर पडला असतात? तुमच्या तर दोनच इयत्ता झालेल्या. शास्त्रातल्या मोशेची जीभ जड होती, तरी देवाने त्यालाच बोलायला धाडलं. बलामाच्या गाढवीला अक्षरओळखही नव्हती, आणि तीही बाईमाणूसच. तुला कुणी नेमलंय, असं देवाने तिला विचारलं नाही. तिचं तोंड उघडलं आणि माणसासारखं बोलायला लावलं.

कमिटीला चार ओळी लिहिल्या आहेत. किल्ल्या धाडत नाही. प्रभुभोजनाचा विधी पाळकाचाच, त्यासाठी पाळकसाहेबांना तीन महिन्यांनी एकदा पाठवावं, बाकीचं मी बघते. ते पत्र उद्या गाडीवानाबरोबर जाईल. हे पत्र कुठे जायचं नाही; तुम्ही देवाघरी, तिथे टपाल पोचत नाही. तुमच्या जुन्या शास्त्राच्या पानांत राहील.

एक कबूल करते. पहिल्या रविवारी मी केलेला उपदेश माझा नव्हता. तो तुमचा होता, चुलीपाशी बसून दाराआडून ऐकलेला, शब्दन् शब्द. दुसऱ्या रविवारचा माझा होता, आणि तो वाईट झाला. तरी मंडळी आली, अजून येते. येत्या रविवारीही मंडळीला उपासनेला बसवणार आहे. तुमची काही हरकत असेल तर उलट टपाली कळवावं. कागद आला नाही, तर मी घंटा वाजवते.